भूमिगत कॉमिक्सच्या अंकांची ओढ अजून का टिकून आहे?

शाईवेडा (धागाकर्ता)

मोठ्या प्रकाशकाच्या दारात न जाता चार-सहा चित्रकारांनी मिळून काढलेली कॉमिक्सची अनियतकालिकं अजूनही निघतात आणि आवडीने वाचली जातात. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानातलं 'स्ट्रिपबर्गर' १९९२ पासून चालू आहे, लाटव्हियातल्या रिगामधलं 'कुश!' २००७ पासून. या ओढीचं कारण विचारलं की बहुतेक जण बंडखोरीकडे बोट दाखवतात: नग्नता, नशा, शिव्या, धर्माची टवाळी. मला हे पटत नाही. १९६८ साली जे विकल्याबद्दल दुकानदार गोत्यात येऊ शकत होता, त्यातलं बरंचसं आज कुठेही दिसतं. तेवढंच कारण असतं तर हा प्रकार केव्हाच संपला असता.

सुरुवात कशातून झाली ते आधी सांगतो. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी सरकारी कायद्याच्या धास्तीने स्वतःच 'कॉमिक्स कोड' लागू केला. त्यात रक्तपात आणि कामुकतेवर बंधनं होतीच, शिवाय पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, असंही कलम होतं. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर घाऊक वितरक अंक उचलायला तयार नसत. म्हणजे खरी कात्री वितरणाला लागली होती. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चित्रकार रॉबर्ट क्रम्बच्या 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला, तेव्हा तो बाळाच्या ढकलगाडीत घालून रस्त्यावर विकला गेला. पुढे पोस्टरं आणि चिलमी विकणाऱ्या दुकानांनी हे अंक ठेवायला सुरुवात केली. शिक्का मागणारा मधला माणूसच वगळला गेला.

आता माझा मुद्दा. अशा अंकात अर्धवट, विचित्र, कुठेच न बसणाऱ्या कामाला जागा मिळते आणि शेजार मिळतो. आर्ट स्पीगेलमनची 'माउस', म्हणजे नाझी छळातून वाचलेल्या त्याच्या वडिलांची चित्रकथा, १९७२ मध्ये एका भूमिगत अंकात फक्त तीन पानांची होती. त्या तीन पानांवरून कुठल्या प्रकाशकाने पुस्तकाचा करार केला असता? १९८० मध्ये त्याने आणि फ्रान्स्वाज मूली यांनी 'रॉ' हे नियतकालिक काढलं आणि दुसऱ्या अंकापासून 'माउस'चं एकेक प्रकरण छोट्या पुस्तिकेच्या रूपात त्या भल्यामोठ्या आकाराच्या अंकात बांधलेलं येऊ लागलं. अकरा वर्षं. १९९२ मध्ये पुलित्झर मिळालं तेव्हा सगळ्यांना पुस्तक दिसलं. मला त्यामागचा तो अंक दिसतो, ज्यात हे प्रकरण भलत्याच चित्रकारांच्या भलत्याच कामाला खेटून बसलं होतं. वाचायला घेतलं एक आणि पान उलटल्यावर हाती लागलं दुसरंच, हा अनुभव मला पुस्तक देत नाही, मोबाइलचा पडदा तर नाहीच नाही.

तुमचं मत काय?

तिरपी रेघ

पूर्ण असहमत. इतिहास छान मांडलात, पण त्यातून तुमच्या विरुद्धचाच निष्कर्ष निघतो.

मधला माणूस वगळणं हेच त्या चळवळीचं मोठेपण असेल, तर ते काम इंटरनेटने कितीतरी चोख केलं आहे. आज एखादी सतरा वर्षांची मुलगी रात्री चार चौकटी काढते आणि सकाळपर्यंत त्या दुसऱ्या खंडात वाचल्या जातात. छापखाना नको, ढकलगाडी नको, संपादकाची मर्जी सांभाळायला नको. तुम्ही ज्याला शेजार म्हणता तो शेवटी संपादकाने ठरवलेलाच असतो. 'रॉ'मध्ये कोण बसणार हे दोन माणसं ठरवत होती. दरवाजा छोटा होता, एवढाच फरक.

दुसरं, जे टिकलं त्याचीच नावं तुम्ही घेता. 'माउस'च्या काळात निघालेल्या अंकांपैकी बहुतेकांत काय होतं? आळशी रेखाटन, नशेतल्या माणसाची न संपणारी बडबड, मित्रांचं कौतुक. ते कुणी पुन्हा छापत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही. आजची ओढ बरीचशी वस्तूची आहे: जाड कागद, रिसोग्राफची किंचित सरकलेली छपाई, क्रमांक घातलेल्या मर्यादित प्रती. शाळा-कार्यालयांची परिपत्रकं काढायला बनवलेलं यंत्र आता संग्राहकांसाठी दुर्मीळ अंक काढतं. याला भूमिगत म्हणवत नाही.

निशाचर

@तिरपी रेघ, दरवाजा छोटा होता हे मान्य. पण दरवाजाशी कुणीतरी उभं होतं आणि वेळ आली तेव्हा त्याने मार खाल्ला, हे तुमच्या हिशेबात नाही.

लेबनॉनमधल्या बैरूतचं 'समंदल' हे कॉमिक्सचं नियतकालिक २००७ मध्ये सुरू झालं. अरबी, फ्रेंच, इंग्रजी अशा तीन भाषांतलं काम एकाच अंकात. दोन चित्रकथांवरून धर्माचा अवमान आणि धार्मिक तेढ असे आरोप झाले, खटला काही वर्षं चालला आणि २०१५ मध्ये तीन संपादकांना मिळून तीन कोटी लेबनीज पौंडांचा दंड झाला. अंक बंद पडायची वेळ आली. वाचकांनी वर्गणी करून तो उभा ठेवला. चित्रकाराच्या कामाची जबाबदारी संपादकांनी आपल्या अंगावर घेतली, हे मला फार मोठं वाटतं.

इंटरनेटवर काय होतं? आक्षेप आला की चित्र गायब. कुणी काढलं, कुठल्या नियमाने काढलं, याचं उत्तर द्यायला माणूसच नसतो. १९५४ चा शिक्का निदान मुखपृष्ठावर दिसत तरी होता.

तिरपी रेघ

'समंदल'च्या धैर्याबद्दल आदरच आहे. पण तो माणसांचा गुण आहे, छापील अंक या प्रकाराचा नाही. आपलं संकेतस्थळ स्वतः चालवणारा चित्रकारही तेवढाच उघड्यावर असतो, आणि त्याच्या बाजूला संपादक मंडळही नसतं.

उंबरठा

इतका वेळ वाचत होते. दोन्ही बाजू 'स्वातंत्र्य' हा शब्द फार सहज वापरताहेत. कुणाचं स्वातंत्र्य?

'झॅप'च्या मूळ गटात सात चित्रकार होते आणि सातही पुरुष. त्या पानांवर बायकांचं काय केलं आहे ते एकदा डोळे उघडे ठेवून पाहा. बलात्कार हा विनोद, बाई म्हणजे निव्वळ शरीर. कृष्णवर्णीय स्त्रीचं क्रम्बने केलेलं चित्रण तर आज पाहवत नाही, आणि 'ते उपहासाने होतं' हे उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. कोडने बांधलेले हात सुटले तेव्हा ते आधी कुणावर पडले, हे या धाग्यात यायलाच हवं.

आणि तरीही मी शाईवेडा यांच्या बाजूची आहे. याचं कारण पुढे काय घडलं त्यात आहे. चित्रकार ट्रीना रॉबिन्स आणि इतर जणींनी १९७० मध्ये फक्त स्त्रियांनी काढलेला कॉमिक्सचा अंक केला. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'विमेन्स कॉमिक्स' सुरू झालं, जिथे संपादक आळीपाळीने बदलत. त्याच्या पहिल्या अंकात रॉबिन्स यांची एका समलिंगी तरुणीवरची कथा होती. मेरी विंग्ज यांनी ती वाचली आणि त्यांना वाटलं, हे बाहेरून लिहिलेलं आहे, आमचं आयुष्य असं नसतं. त्यांनी १९७३ मध्ये स्वतःचं कॉमिक काढलं. ॲलीन कॉमिन्स्की आणि डायॅन नूमिन यांचे 'विमेन्स कॉमिक्स'मध्ये मतभेद झाले, तर त्यांनी १९७६ मध्ये वेगळा अंक काढला. पुढे १९८० मध्ये हॉवर्ड क्रूझ यांच्या संपादनाखाली 'गे कॉमिक्स' आलं.

म्हणजे पटलं नाही की दुसरा अंक. हे भांडण छापील आहे, पूर्ण विचार करून, महिनोन् महिने राबून केलेलं आहे. एकीने चोवीस पानं काढली म्हणून दुसरीने चोवीस पानं काढून उत्तर दिलं. पडद्यावरच्या चार चौकटींखाली लोक ज्या ओळी खरडतात, त्यात ही ताकद मला दिसत नाही. एखादा अंक मला चीड आणतो तेव्हा त्याच आकाराचं, त्याच वजनाचं काहीतरी मी करू शकते ही शक्यता तो माझ्यासमोर ठेवतो. मला वाटतं ओढ याची आहे.

हिशेबनीस

सगळे कलेवर बोलताहेत, पैशाचं कुणी काढत नाही.

टोकियोत कात्सुइची नागाई यांनी १९६४ मध्ये 'गारो' सुरू केलं, मुख्यतः सानपेई शिरातो यांच्या शेतकरी आणि निंजांच्या दीर्घ मालिकेसाठी. योशिहारू त्सुगे यांची १९६८ ची ती स्वप्नवत कथा, जखमी हात धरून डॉक्टर शोधत फिरणाऱ्या तरुणाची, तीही 'गारो'चीच. मासिक म्हणून अफाट. पण १९७१ मध्ये शिरातोंची मालिका संपली, खप उतरला, आणि पुढे चित्रकारांना मानधनच मिळेना. तरी लोक वर्षानुवर्षं फुकट काम देत राहिले, कारण 'गारो'त छापून येणं हा मान होता. प्रतिष्ठेच्या नावावर चाललेली ही फुकट मजुरी आहे आणि स्वतंत्र मासिकांच्या जगात ती आजही चालते. ओढ टिकून आहे ती बऱ्याच अंशी चित्रकारांच्या खिशातून.

शाईवेडा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

@उंबरठा, तुमचा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा वजनदार आहे. मी शेजार म्हणालो, तुम्ही त्यात भांडणारा शेजारही आणलात, आणि तोच जास्त महत्त्वाचा आहे.

@हिशेबनीस, 'गारो'बद्दल जे म्हणालात ते खरं आहे, पण तेवढंच चित्र पूर्ण नाही. अमेरिकेतल्या मुख्य प्रवाहात त्या काळी चित्रकाराला पानामागे पैसे मिळत आणि विषय संपला. पात्र कंपनीचं, हक्क कंपनीचे, बहुतेकदा मूळ चित्रंही परत येत नसत. भूमिगत प्रकाशकांनी हक्क चित्रकाराकडे ठेवले आणि प्रत्येक आवृत्तीमागे स्वामित्वधन दिलं. रक्कम लहान असेल, पण दहा वर्षांनी पुस्तक निघालं तर ते कुणाचं, हा प्रश्न आधीच सुटलेला होता. 'माउस' पुस्तक होऊ शकलं त्याला हेही एक कारण आहे. आणि त्या अंकांचा कणा मोडला तो खटल्यांच्या भीतीने. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता स्थानिक समाजाच्या मोजपट्टीवर ठरवायला मुभा दिली. कुठल्या गावात काय चालेल याचा नेम उरला नाही आणि दुकानदारांनी अंक ठेवणंच सोडलं.

@तिरपी रेघ, वाईट कामाबद्दल. होय, बहुतेक अंकांत वाईट काम होतं, आणि मला ते हवं आहे. ऐंशीच्या दशकात एकीकडे 'रॉ' होतं, देखणं, काटेकोर. एका अंकाच्या मुखपृष्ठाचा कोपरा तर प्रत्येक प्रतीवर हाताने फाडून आत चिकटवला होता. दुसरीकडे १९८१ मध्ये क्रम्बने 'वीर्डो' काढलं, ज्यात धड चित्र काढता न येणाऱ्या लोकांनाही जागा होती. दोघांच्या रुचीत जमीन-अस्मानाचा फरक. मी दोन्ही वाचतो आणि 'वीर्डो'तलं एखादं कच्चं, वेडंवाकडं पान मला जास्त दिवस छळतं. ते पान कुणाच्या पसंतीच्या आकड्यांवर माझ्यापर्यंत आलेलं नसतं. कुणीतरी एका माणसाने ते निवडून, त्याच्यासाठी आपली पानं आणि आपलं नाव खर्च केलेलं असतं. छोटा दरवाजा म्हणाल तर म्हणा, पण असे दरवाजे शेकडो आहेत आणि नवा काढायला परवानगी लागत नाही.

तिरपी रेघ

परवानगी लागत नाही, वेळ आणि पैसा लागतो. तो ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी इंटरनेटच भूमिगत आहे, यावर मी ठाम आहे. 'वीर्डो'तल्या त्या कच्च्या पानाबद्दल मात्र कुतूहल वाटलं. माणसाने निवडलेलं आणि आकड्यांनी वर आणलेलं यात फरक आहे, हे मी नाकारत नाही. पण निवडणारी माणसं पडद्यावरही असू शकतात, त्यांना शोधायचा कंटाळा आपण करतो.

हिशेबनीस

@शाईवेडा, हक्कांचा मुद्दा चांगला आणलात. तरी एक मागणी राहतेच. अंक काढणाऱ्यांनी श्रेयनामावलीच्या पानावर साधी एक ओळ छापावी: या अंकाच्या चित्रकारांना काय मिळालं. पैसे दिले नसतील तर 'दिले नाहीत' असं छापावं. जे लोक न्यायालयात दंड सोसतात त्यांना ही ओळ जड जाऊ नये.

उंबरठा

+१. आणि त्याच पानावर अंकाच्या किती प्रती काढल्या तेही. पुढचा अंक काढू पाहणारी मुलगी आधी तेच पान उघडते.