कटऑफ फिरवला तरी इंजिन चालूच?

बॅटरी डिकीत नेलीत, मागे कटऑफ स्विच (गाडीची सगळी वीज तोडणारा) बसवलात, तरी तो फिरवल्यावर इंजिन चालूच राहतं म्हणता. स्विच बदलू नका. बॅटरीचं कनेक्शन तुटलं तरी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर, इग्निशनला (ठिणगी देणाऱ्या सर्किटला) करंट देत राहतो. माझंही हेच झालं होतं. कुर्ल्याच्या वायरमनने अल्टरनेटरची जाड वायर स्विचच्या गाडीकडच्या (जिथून गाडीच्या वायरिंगला वीज जाते त्या) बोल्टवर कसली होती. ती काढून, फ्यूज टाकून, बॅटरीकडच्या बोल्टवर घ्या, की स्विच फिरवल्यावर बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही इग्निशनपासून एकदम तुटतात. एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियमात स्विच पॉझिटिव्हवर लागतो आणि इंजिनसकट सगळं बंद व्हावं लागतं. पुश-पुल दांडा असेल तर ढकलल्यावर 'ऑफ', उलटा नको. आणि हो, आपल्या पावसाळ्यात बोल्टला ग्रीस लावाच, माझे हिरवेगार पडले होते.