मदत हवी आहे: दिराने औषध सोडलंय, उशाशी सुरी ठेवतो. धोका कसा ओळखायचा? (ऐरोली)

ऐरोली_वहिनी
दीर, वय 27, स्किझोफ्रेनिया. ओलान्झापिन महिन्याभरापासून बंद, झोप जेमतेम दोन-तीन तास. वरच्या मजल्यावरचे काका पाइपातून विष सोडतात म्हणतो. परवापासून उशाशी सुरी. आजवर कोणावर हात उगारलेला नाही. दारू नाही, गांजा अधूनमधून. सोसायटीतले म्हणतात, "असली माणसं धोकादायकच, दुसरीकडे हलवा." खरंच धोका आहे का? सासूबाई गोळी चहातून देऊया म्हणतात, चालेल?

समुपदेशन_ठाणे
वहिनी, सोसायटीचं बोलणं सोडून द्या, पण सुरीकडे दुर्लक्ष नको.

आजाराच्या नावावरून धोका ठरत नाही, बहुतेक रुग्ण कधीच हिंसा करत नाहीत. ऑक्सफर्डच्या सीना फझेल यांनी 2009 मध्ये 20 अभ्यास एकत्र तपासले. व्यसन नसलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हिंसेची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट निघाली, जोडीला व्यसन असलेल्यांत जवळपास नऊपट. नुसतं व्यसन असलेल्यांतही धोका तितकाच मोठा होता. म्हणून 'अधूनमधून गांजा' ही बाब डॉक्टरांपासून लपवू नका.

पूर्वी मारहाण नाही, ही मोठी जमेची बाजू. पण औषध बंद, झोप उडालेली, संशय एकाच ठरावीक माणसावर आणि हाताशी शस्त्र, हे एकत्र आलंय. सुरी बहुधा भीतीपोटी आहे, पण घाबरलेला माणूसही वार करतो. आठवडाभर वाट बघण्यासारखी ही स्थिती नाही.

त्याला सरळ विचारा: काका समोर आले तर काय करशील? आवाज ऐकू येतात का, काही करायला सांगतात का? जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही. वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. "मला विष दिसत नाही, पण तू खूप घाबरलायस हे कळतंय," एवढं पुरे. बोलणारा एकच असावा, दोन हात अंतर ठेवून. त्याची दाराकडची वाट अडवू नका.

सुरी हिसकावायची नाही. तो आंघोळीला गेला की सुऱ्या, विळी, कोयता, फिनेल सगळं घराबाहेर. लहान मुलं, म्हातारी माणसं आज दुसरीकडे झोपू देत. वरच्या काकांना आजाराचं नाव सांगायची गरज नाही, पण जाब विचारायला खाली येऊ नका, लिफ्टमध्ये एकटे गाठ पडू देऊ नका, हे आजच सांगा. नेमकं हेच राहून जातं.

गोळ्या_नीट
चहातली गोळी नकोच. चव लागली की विषाचा संशय खरा ठरला, मग तो घरचं अन्नही सोडेल. आणि अर्धा कप प्यायला तर डोस किती गेला, कळणार नाही. महिन्याच्या खंडानंतर कितीपासून सुरू करायचं हे डॉक्टरच ठरवतील. त्याने औषध का सोडलं तेही शोधा. ओलान्झापिनने वजन वाढतं, सुस्ती येते. या आजाराच्या दुसऱ्या एखाद्या गोळीने एका जागी बसवत नाही अशी तगमग होऊ शकते. घरच्यांना ती संताप वाटते, डोस वाढवला की आणखी बिघडते. रोजची गोळी जमत नसेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं असतात, त्याबद्दल विचारा.

ऐरोली_वहिनी
तो दवाखान्यात यायलाच तयार नाही.

समुपदेशन_ठाणे
आधी विषाचा विषय टाळून झोपेसाठी चला म्हणा, झोप नसल्याचा त्रास त्यालाही होतोय. नाहीच म्हणाला तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 89 आहे. नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाने आपल्या वतीने नेमलेला माणूस) अर्ज करतो, दिराने कोणाला नेमलं नसेल तर नातेवाईक ते काम करू शकतात. दोन तज्ज्ञ त्याला वेगवेगळं तपासतात, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. मग 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. दुसऱ्याला इजेची भीती वाटावी असं वागणं हा त्यातला एक निकष आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय तुम्हाला जवळ आहे. जुन्या चिठ्ठ्या, औषध बंद केल्याची तारीख आणि सुरीची हकीकत लिहून न्या.

आज रात्री सुरी हातात घेतली तर समजावत बसू नका. सगळे बाहेर पडा आणि 112 लावा. "मानसिक रुग्ण आहे, हातात सुरी आहे, घाबरलेला आहे," अशाच शब्दांत सांगा. कलम 100 नुसार पोलिसांनी त्याला 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं, कोठडीत टाकता येत नाही. बांधून, साखळीने नेऊ नका. साखळदंडाला कायद्याने बंदी आहे. त्याच्याशी कसं बोलायचं यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रंदिवस चालू असतो.