डोंगर ढग अडवत नाही

कुणीतरी लिहिलंय की सह्याद्री ढग अडवतो म्हणून सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं माण-खटाव कोरडं. अर्धंच खरं. ढग अडत नाहीत. समुद्रावरून आलेला ओला वारा घाट चढताना थंड होऊन तिथेच पाऊस पाडून रिता होतो आणि पलीकडे उतरताना तापतो, म्हणून उरलेसुरले ढगही विरतात. जुलैत महाबळेश्वरहून दुचाकीवर निघालो तर पाचगणीपर्यंत पावसाचा जोर निम्म्याहून खाली येतो आणि पसरणी घाट उतरून वाईत पोचलो की रेनकोट काढून डिकीत. (महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे, माणमध्ये जेमतेम पाचशे!)

पण यात एक गोष्ट राहिली. माणदेशाची खरी भिस्त जून-जुलैवर नसतेच, सप्टेंबरातल्या गडगडाटी पावसावर असते. तेव्हा पश्चिमेचा वारा मंदावलेला असतो, त्यामुळे सह्याद्रीची आडकाठीही कमी.