पोकरची कोणती पुस्तके मागवावीत: जुनी, नवी की गणिताची?

दांडियाबाजारकर

बडोद्यातील आम्हा काही मित्रांचे एक छोटे मंडळ शनिवारी रात्री एकत्र जमून, पैसे न लावता, केवळ प्लास्टिकच्या चकत्या वाटून नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाच्या हाती दोन पाने, पटावर पाच सामाईक पाने, आणि कितीही चकत्या लावण्याची मुभा असलेला पोकरचा प्रकार) खेळते. आता वर्गणी काढून पोकरच्या डावपेचांवरील तीन इंग्रजी पुस्तके मागवायची असे ठरले आहे. ती कोणती, यावर मात्र एकमत नाही. मी माझे मत मांडतो आणि विरोधी मते अवश्य यावीत अशी विनंती करतो.

पुस्तक केव्हा छापले किंवा लेखकाने किती स्पर्धा जिंकल्या, यावरून त्याची योग्यता ठरवू नये असे मला वाटते. लेखक एखादी चाल सुचवतो तेव्हा तिच्यामागचा हिशेब वाचकापुढे मांडतो का, आणि कोणत्या परिस्थितीत ती चाल लागू पडणार नाही हे सांगतो का, एवढेच पाहावे. समजा, टर्नवर, म्हणजे चौथे सामाईक पान उघडल्यानंतर, पॉटमध्ये, म्हणजे मधोमध जमलेल्या ढिगात, 1,000 चकत्या आहेत, समोरच्याने 500 लावल्या आहेत, आणि हातातली दोन व पटावरची दोन मिळून आपल्याकडे बदामाची चार पाने आहेत; पाचवे आले की फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, होऊन आपण जिंकू असे धरू. 500 देऊन 1,500 मिळवायच्या असल्याने कॉल, म्हणजे तेवढ्याच चकत्या लावून डावात राहणे, परवडण्यासाठी किमान 25 टक्के शक्यता हवी. न दिसलेल्या 46 पानांत बदामाची 9 उरली आहेत, म्हणजे शक्यता 19.6 टक्केच आहे. येथे एखादे पुस्तक ‘फोल्ड करा’, म्हणजे पाने टाका, एवढे सांगून पुढे जाते. मला हवे असलेले पुस्तक पुढचा प्रश्न विचारायला शिकवते: बदाम आलेच, तर रिव्हरवर, म्हणजे पाचव्या पानानंतर, समोरच्याकडून आणखी किती निघतील? हिशेब केला तर ही भर सरासरी 556 च्या आसपास असावी लागते. पटावर बदामाचे तिसरे पान दिसताच हात आखडता घेणारा खेळाडू समोर असेल तर तेवढी भर मिळणे कठीण. मोठी जोडी हाती आली की ती न सोडणारा असेल तर कॉल सहज परवडतो.

डेव्हिड स्क्लॅन्स्की यांचे ‘द थिअरी ऑफ पोकर’ या कसोटीला पूर्ण उतरते. त्यातील अनेक उदाहरणे सेव्हन-कार्ड स्टड आणि ड्रॉ या आता मागे पडलेल्या प्रकारांची आहेत, हे मला मान्य आहे; पण पुढच्या फेऱ्यांत मिळणाऱ्या भरीचा विचार कसा करावा हे इतक्या नेटकेपणाने सांगणारे पुस्तक माझ्या वाचनात नाही. दुसरी निवड म्हणून मी डॅन हॅरिंग्टन आणि बिल रॉबर्टी यांच्या ‘हॅरिंग्टन ऑन होल्डेम’चे 2004 आणि 2005 मध्ये आलेले पहिले दोन खंड सुचवतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी टेबलावरील सर्वांच्या चकत्या, जागा आणि आधीच्या चाली देऊन एकेका निर्णयाची चर्चा केलेली आहे. डॉयल ब्रन्सन यांचे 1979 चे ‘सुपर/सिस्टम’ मात्र मी वगळतो. ब्रन्सन 1976 आणि 1977 असे लागोपाठ दोनदा जागतिक विजेते होते, आणि आक्रमक खेळाची ओळख त्या पुस्तकाने असंख्य लोकांना करून दिली. तरीही ती आक्रमकता दबावाखाली पाने टाकून देणारे प्रतिस्पर्धी गृहीत धरते, आणि आमच्या मंडळात तसे फारसे कोणी नाही. तिसऱ्या जागेसाठी सूचना हव्या आहेत.

कारेलीबागकर

कसोटी मला मान्य आहे, परंतु तीच कसोटी लावली तर आपली दुसरी निवड टिकत नाही. हॅरिंग्टन यांच्या खंडांतला हिशेब ज्या आकड्यांवर उभा आहे, ते आकडेच बदलले आहेत.

पहिला रेज, म्हणजे रक्कम वाढवणे, मोठ्या ब्लाइंडच्या (पाने मिळण्याआधी दोघांनी भरायच्या लहान-मोठ्या सक्तीच्या रकमांपैकी मोठीच्या) तिप्पट असावा ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती; आज स्पर्धांमध्ये तो दुप्पट ते अडीचपट असतो. हा फरक किरकोळ वाटेल, पण मोठा ब्लाइंड भरलेल्या खेळाडूच्या जागी बसून पाहा. टेबलावर एका मोठ्या ब्लाइंडएवढी अँटी, म्हणजे डावाआधीची आणखी एक सक्तीची भर, आहे आणि लहान ब्लाइंडने पाने टाकली आहेत असे धरू. रेज तिप्पट असेल तर पॉटमध्ये साडेपाच ब्लाइंड असतात आणि त्याला आणखी दोन द्यावे लागतात, म्हणजे त्याला सुमारे 27 टक्के वाटा मिळायला हवा. रेज 2.2 पट असेल तर 4.7 साठी 1.2 द्यायचे, आणि तोच आकडा सुमारे 20 टक्क्यांवर येतो. म्हणजे कितीतरी दुबळी पाने घेऊनही त्याने कॉल करणे योग्य ठरते. जुन्या पुस्तकातले सुरुवातीच्या पानांचे तक्ते पाठ केलेला खेळाडू येथे दर फेरीला थोडे थोडे गमावतो आणि आपण शिस्तीने खेळत आहोत असेच त्याला वाटत राहते.

स्क्लॅन्स्की यांच्या मूलभूत सिद्धांताबद्दलही माझी हरकत आहे. समोरच्याची पाने दिसत असती तर आपण जसे खेळलो असतो त्यापेक्षा वेगळे खेळलो की त्याचा फायदा होतो, असा तो सिद्धांत आहे. परंतु पाने दिसत नाहीत, हाच तर या खेळाचा गाभा आहे. समोरच्याकडे अमुक दोनच पाने आहेत असे न मानता, त्याच्याकडे असू शकणाऱ्या सर्व जोड्यांची, म्हणजे रेंजची, आपल्या रेंजशी तुलना करणे ही आजची विचारपद्धती आहे, आणि 2015 नंतर सॉल्व्हर, म्हणजे डाव गणिताने सोडवणारे संगणक-प्रोग्राम, सामान्य खेळाडूंच्या हाती आल्यापासून तिला आकड्यांचा भक्कम आधार मिळाला आहे. त्याच वर्षी अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांमधला लिमिट होल्डेम (ज्यात लावायच्या रकमा ठरलेल्या असतात) व्यवहारतः पूर्ण सोडवल्याचे जाहीर केले. माझी सूचना स्पष्ट आहे: मायकेल असेवेडो यांचे 2019 चे ‘मॉडर्न पोकर थिअरी’ पहिले मागवा.

रावपुरेकर

आपण सर्व सुजाण आहात, म्हणून नम्रपणे विचारतो: हा खर्च मुळात करावाच का? पोकर हा नशिबाचा खेळ असून जुगारात मोडतो असा निकाल गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला आहे, आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्वच ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले आहेत. जन्माष्टमीच्या वेळच्या सातम-आठमला घरोघरी पत्ते निघतात त्या आपल्या गावात तरुणांच्या हाती ही पुस्तके देताना विचार व्हावा. शिवाय ही पुस्तके पैसे लावणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत. चकत्यांवर खेळणारा हरण्याला भीत नाही, म्हणून तो शेवटपर्यंत कॉल करतो, आणि पुस्तकातला ब्लफ, म्हणजे दुबळ्या पानांवर रक्कम लावून समोरच्याला हटवण्याची चाल, त्याच्यावर चालत नाही. बुद्धीलाच खाद्य हवे असेल तर तीच वर्गणी ब्रिजच्या पुस्तकांवर खर्च करा.

दांडियाबाजारकर

रावपुरेकर, आपली काळजी मी मनापासून समजू शकतो. आमच्याकडे पैशाचा संबंध नाही आणि येऊ देणारही नाही. चकत्यांना किंमत नसली की खेळ सैल होतो हे आपले निरीक्षण अगदी खरे आहे. म्हणूनच आम्ही चकत्यांची महिनाभराची बेरीज वहीत ठेवतो, आणि ती ठेवू लागल्यापासून लोक पाने टाकायला शिकले आहेत. ब्रिज थोर खेळ आहे. तरीही अपुऱ्या माहितीवर, समोरचा मुद्दाम दिशाभूल करत असताना, किती पणाला लावावे हा प्रश्न पोकर ज्या उघडपणे समोर ठेवतो तसा तो ब्रिजमध्ये येत नाही. या प्रश्नाचे मोल जाणून गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1944 च्या आपल्या ग्रंथात पोकरचे साधे प्रारूप गणिताने मांडले होते.

अलकापुरीकर

मी संख्याशास्त्र शिकवते, आणि मला दोन्ही याद्यांबद्दल तक्रार आहे. कारेलीबागकर ज्या तक्त्यांना आधार म्हणतात, ते तक्तेही गृहीतकांवरच उभे असतात. सॉल्व्हरला चकत्या किती, सुरुवातीच्या रेंज कोणत्या आणि कोणत्या आकाराच्या बेट (एका वेळी लावायच्या चकत्या) लावता येतील हे आधी सांगावे लागते. मग त्या चौकटीतले उत्तर तो देतो. चौकट न समजता 2019 चे तक्ते पाठ करणारा आणि 2004 चे पाठ करणारा, दोघेही सारखेच परावलंबी आहेत.

म्हणून पहिले पुस्तक बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन यांचे 2006 चे ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’ असावे. त्यात एक्का, राजा आणि राणी या तीनच पानांचा एक खेळ आहे. समोर राजा आहे, आपल्याकडे एक्का किंवा राणी आहे, पॉट 1,000 चा आहे आणि आपण 500 लावू शकतो. राजा कॉल करतो तेव्हा तो 500 घालून 1,500 मिळवू पाहतो. आपल्या दर चार बेटांपैकी एक राणीची असली की कॉल आणि फोल्ड त्याला सारखेच पडतात. एक्का आणि राणी सारख्याच वेळा येत असतील, तर प्रत्येक एक्क्यावर बेट लावायची आणि राणीवर तीनांतून एकदाच. उलट बाजूने, राजाने तीनांतून दोनदा कॉल केला की आपला ब्लफ फायद्याचा राहत नाही. हे एकदा स्वतः कागदावर सोडवले की ब्लफ धाडसाने करायचा की भीतीने टाळायचा हा वादच उरत नाही; ते एक प्रमाण आहे आणि ते बेटच्या आकारावरून ठरते. पुस्तक कठीण आहे, काही प्रकरणांना कलनशास्त्र लागते, हे मी लपवत नाही. परंतु बारावीचे गणित झालेल्याला त्याचा बराचसा भाग जमतो.

आणखी एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. घरगुती टेबलावर फ्लॉप, म्हणजे पहिली तीन सामाईक पाने, पाहायला चार-पाच जण राहतात. अर्ध्या पॉटचा ब्लफ परवडायला तो तीनांतून एकदा यशस्वी व्हावा लागतो. समोर एकच जण असेल आणि तो निम्म्या वेळा पाने टाकत असेल तर काम होते. तसेच तिघे असतील तर तिघांनीही पाने टाकण्याची शक्यता, ते स्वतंत्रपणे ठरवतात असे धरून, साडेबारा टक्क्यांवर येते. स्क्लॅन्स्की यांचा सिद्धांतही दोघांपुरताच निरपवाद आहे, आणि सॉल्व्हरचे बहुतेक तक्तेही दोघांमधल्या डावांचे असतात.

कारेलीबागकर

चौकटीचा मुद्दा मी स्वीकारतो, पण निष्कर्ष नाही. शनिवारी खेळणाऱ्या मंडळातील किती जण कलनशास्त्र काढून बसतील? न वाचलेले उत्तम पुस्तक कपाटातच राहते. असेवेडो सुरुवातीच्या प्रकरणांत हाच पाया, म्हणजे ब्लफचे प्रमाण आणि किमान बचाव (समोरच्याचा ब्लफ फायद्याचा ठरू नये म्हणून किती वेळा कॉल करावा), सोप्या रीतीने घालतात आणि मग तक्त्यांकडे वळतात. माझ्या मते मंडळासाठी तेच योग्य आहे.

हॅरिंग्टन मागवण्यावर आपण ठाम असाल, तर पहिल्या दोन खंडांऐवजी 2006 चा तिसरा खंड घ्यावा. ती कार्यपुस्तिका आहे: डाव टप्प्याटप्प्याने उलगडतो, प्रत्येक टप्प्यावर आपली चाल ठरवायची आणि उत्तराला गुण मिळतात. उत्तराचे पान झाकून, तोच डाव 2.2 पट रेज धरून पुन्हा सोडवायचा आणि कोठे उत्तर बदलते ते वहीत लिहायचे, असे करायला मंडळ तयार असेल तर त्या खंडाला माझा विरोध नाही.

दांडियाबाजारकर

तयार आहे. तिसरा खंड आणि ‘मॉडर्न पोकर थिअरी’ मागवतो. तिसऱ्या जागेसाठी अलकापुरीकरांचे पुस्तक की स्क्लॅन्स्की, हे मात्र मला अजून ठरवता येत नाही. त्या तीन पानांच्या खेळाचा हिशेब मी शनिवारी सर्वांसमोर मांडीन, आणि किती जणांना तो स्वतः पुन्हा करता येतो हे पाहून मागणी नोंदवीन.