फुकट सीडीएल? करार आणि 'ई' निर्बंध बघा

'ट्रक कंपनीचं ट्रेनिंग म्हणजे फुकटात सीडीएल (अमेरिकेतलं व्यावसायिक ट्रक चालवायचं लायसन्स)' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. अमेरिकेत फी बहुधा ठरावीक काळ तिथेच काम करण्याच्या करारात अडकवलेली असते; मुदतीआधी नोकरी सोडलीत की उरलेली रक्कम वसूल करतात. कंपनीनेच काढलं तर फी कोण भरणार, हे सहीआधी लेखी घ्याच.

दुसरा मुद्दा म्हणजे परीक्षेचा ट्रक कोणता. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर 'ई' निर्बंध लागतो, मग मॅन्युअल गिअरचा व्यावसायिक ट्रक चालवता येत नाही. आणि परीक्षेतली एअर ब्रेकची (हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची) तपासणी तोंडपाठ हवी: चाकांना ठोकळे, इंजिन बंद, चावी ऑन, पार्किंग ब्रेक सोडलेले, पॅडल दाबून धरायचं, ट्रेलरसकट मिनिटाला 4 पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) जास्त हवेचा दाब उतरता कामा नये. पुष्कळ जण चावी ऑन करायलाच विसरतात, मग पुढे कमी दाबाचा इशारा वाजतच नाही.