मदत हवी आहे: बायोपॉलिशनंतर सुती जर्सीची ताकद उतरते आहे

विणीचा_धागा:

नमस्कार मंडळी,

कापड प्रक्रियेतल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमच्याकडे सुती सिंगल जर्सीला (टी-शर्टच्या विणलेल्या कापडाला) बायोपॉलिश करतो, म्हणजे एन्झाइमने कापडावरचं तूस, वर आलेली बारीक लव काढतो. ब्लीच केलेलं कापड, सॉफ्ट फ्लो मशीन. एन्झाइम आम्ल प्रकारचं सेल्युलेज (सेल्युलोज, म्हणजे सुताचा मूळ पदार्थ तोडणारं), ट्रायकोडर्मा बुरशीपासून काढलेलं. ॲसिटिक ॲसिडने पीएच 4.8 च्या आसपास, तापमान 55 अंश, डोस कापडाच्या वजनावर 1 टक्का, लिकर रेशो (कापड आणि पाण्याचं प्रमाण) 1:8, वेळ 45 मिनिटं. मग बाथ (मशीनमधलं द्रावण) सोडायचा, दोन गार धुण्या द्यायच्या आणि कापड उतरवायचं.

तूस सुरेख निघतं, कापड हाताला गुळगुळीत लागतं. पण मशीनवरून उतरल्या उतरल्या कापलेला तुकडा लगेच सुकवला तर त्याची बर्स्टिंग स्ट्रेंथ (फाटण्याआधी कापड किती दाब सोसतं ते) ठीक भरते, आणि त्याच लॉटचं ड्रायरमधून आलेलं कापड कमी भरतं. ड्रायर मोकळा नसला की ओलं कापड ट्रॉलीत थांबतं. असे लॉट सगळ्यात वाईट निघतात. ड्रायरच्या तापमानावर माझा संशय होता, पण एन्झाइम न दिलेलं कापड त्याच ड्रायरमधून धडधाकट बाहेर येतं.

दुसरी अडचण. हाच डोस रिॲक्टिव्ह रंगाने (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) गडद रंगवलेल्या कापडाला दिला तर तूस धड निघत नाही. डोस वाढवावा का? की रंगाच्या आधीच बायोपॉलिश करावं?

लवकरच लायोसेलचं (लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या तंतूचं) कापडही घ्यायचं आहे. त्यालाही हीच रेसिपी चालेल का? कापड चांगलं आहे, ते आमच्या हातून कमकुवत होऊन जाऊ नये एवढीच तळमळ आहे. जमेल तितकं सविस्तर सांगा.

ताणाबाणा:

तुमचा ड्रायर निर्दोष आहे. बाथ सोडल्यावरही एन्झाइम कापडातच राहिलंय आणि ट्रॉलीत त्याचं काम चालू आहे.

या एन्झाइमच्या रेणूला दोन भाग असतात. एक साखळी तोडणारा, दुसरा सेल्युलोजला घट्ट चिकटून राहणारा. त्या दुसऱ्या भागामुळे गार पाण्याने ते सगळं निघून जात नाही. कापड ओलं आहे, पीएच अजून आम्लाकडे आहे, म्हणजे त्याला हवं ते सगळं मिळतंय. गारठ्यात वेग मंदावतो, थांबत नाही.

ही बुरशी मुळात कुठून आली ते लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती सामान, तंबूंचं कापड कुजत होतं. त्यावरून ती वेगळी केली आणि पुढे एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसाय म्हणू लागले. सूत खाऊन जगणं हाच तिचा स्वभाव. आपण तिच्याकडून फक्त वर आलेली लव छाटून घेतो, म्हणून वेळेवर थांबवणं हा रेसिपीचाच भाग धरला पाहिजे.

थांबवायचे दोन मार्ग आहेत. 80 अंशांवर 10 ते 15 मिनिटं चालवा, किंवा सोडा ॲशने पीएच 10 च्या आसपास न्या. पांढऱ्या कापडाला मी दोन्ही एकदमच करतो. त्यानंतर गरम धुणी, म्हणजे सुटलेलं तूसही वाहून जातं. नाहीतर तेच परत कापडावर बसतं. मशीनचा फिल्टरही दर लॉटला साफ करा.

आणि एक कळकळीचं सांगणं. एन्झाइमशिवायचा कोरा लॉट त्याच मशीनवर, त्याच पीएचला, तितकाच वेळ चालवून पाहा. घासणीने किती ताकद जाते आणि एन्झाइमने किती, हे त्याशिवाय कळत नाही. वजनातली घटही मोजा, पण आधी आणि नंतर दोन्ही तुकडे 20 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेला ठेवून. सुताची घट 3 ते 5 टक्क्यांत राहिली तर मी समाधानी असतो. त्यापुढे गुळगुळीतपणा फारसा वाढत नाही, ताकद मात्र जात राहते.

रंगघर:

गडद लॉटला डोस वाढवू नका. धाग्यावर बसलेला रिॲक्टिव्ह रंग एन्झाइमच्या वाटेत येतो. डायरेक्ट रंगांचंही (असा बंध न जोडता धाग्यावर बसणाऱ्या) तसंच. डोस वाढवून मिळालेला परिणाम लॉटगणिक, छटेगणिक बदलतो. ब्लीचिंगनंतर बायोपॉलिश आणि मग रंग, हा क्रम जास्त भरवशाचा. ब्लीचिंगमधलं उरलेलं पेरॉक्साइड मात्र कॅटालेज या एन्झाइमने पूर्ण मारून घ्या. पुढच्या रंगाच्या बाथमध्ये 60 अंश आणि सोडा ॲश असतोच, तिथे उरलंसुरलं सेल्युलेजही निकामी होतं. तरी ओलं कापड मध्ये थांबणार असेल तर आधीच थांबवलेलं बरं. या क्रमात एक तोटा आहे: रंगताना मशीनमध्ये पुन्हा थोडं तूस उठतं.

विणीचा_धागा:

दोघांचेही मनापासून आभार. ट्रॉलीचं कोडं आता नीट उलगडलं. काही लॉट आधीच रंगून तयार आहेत आणि त्यात व्हिनाइल सल्फोन प्रकारचे रिॲक्टिव्ह रंग आहेत. त्यांना 80 अंशांवर सोडा ॲश चालेल का?

रंगघर:

नाही. या रंगांचा धाग्याशी असलेला बंध अल्कलीत तुटतो, त्यात उष्णता मिळाली की छटा उतरते आणि पक्केपणाही जातो. तिथे फक्त उष्णता वापरा. आम्लाचा बाथ सोडून ताज्या पाण्यात, पीएच उदासीन ठेवून 80 अंश.

यापुढे रंगवलेल्या कापडासाठी ह्युमिकोला इन्सोलेन्स बुरशीचं उदासीन सेल्युलेज पाहा. ते पीएच 6 ते 8 मध्ये चालतं, वेळ थोडा जास्त घेतं, पण ताकदीला सौम्य पडतं. डेनिमवाले ते याच सौम्यपणासाठी आणि सुटलेली नीळ पांढऱ्या धाग्यावर कमी बसते म्हणून वापरतात. फक्त दोन कंपन्यांच्या एन्झाइमची युनिटं एकमेकांशी ताडून डोस ठरवू नका, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात.

ताणाबाणा:

लायोसेलचं राहिलं. ती रेसिपी जशीच्या तशी नेऊ नका. हा तंतू ओला असताना घासला की उभा चिरत जातो आणि बारीक तंतुके बाहेर येतात. म्हणून आधी मशीनवर मुद्दाम ती उठवायची, मग एन्झाइमने छाटायची, मग थांबवायचं. त्यानंतर पुन्हा ओलं चालवलं की आखूड, एकसारखी लव येते आणि पीच स्किनसारखा स्पर्श मिळतो. पहिली पायरी अर्धवट राहिली तर लांब तंतुके पुढे ग्राहकाच्या धुलाईत उठतात आणि गोळे धरतात.

व्हिस्कोज (लगद्यापासूनचाच दुसरा तंतू) मिसळलेलं असेल तर अजून जपून. ओलं व्हिस्कोज जवळजवळ निम्मी ताकद गमावतं, आणि मशीनची ओढ त्याला त्याच अवस्थेत सोसावी लागते. डोस अर्ध्यापासून सुरू करा, दर 10 मिनिटांनी तुकडा कापून लगेच उकळत्या पाण्यात टाका म्हणजे त्या क्षणाची स्थिती तशीच राहील. सगळे तुकडे सुकवून बर्स्टिंग आणि मार्टिनडेल (कापड घासून झीज व गोळे पाहण्याची चाचणी) दोन्ही लावा. लायोसेलचे आकडे आले की इथेच टाका, वजनातल्या घटीसकट.