मदत हवी आहे: स्ट्रोक रिहॅबचं ट्रेनिंग नागपुरात कुठे? (अर्जंट)

मिहानरोड
मंडळी, स्ट्रोक रिहॅबचं (लकवा मारलेल्या पेशंटला पुन्हा कामाला लावायचं) चांगलं ट्रेनिंग नागपुरात कुठे होते? सर्टिफिकेट पाहिजे. मॅनेजमेंट मागे लागलं आहे, याच आठवड्यात नाव द्यायचं आहे. गूगल करा म्हणू नका, ते करूनच इथं आलो.

रात्रपाळी
तुम्ही आहात कोण बाप्पा? डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, स्पीच थेरपीवाले (बोलणं-गिळणं पाहणारे)? प्रत्येकाचं ट्रेनिंग वेगळं.

मिहानरोड
फिजिओच. रिहॅब म्हटलं नं वर.

ओटीवाली
रिहॅब म्हणजे फक्त फिजिओ का? बाकीचे काय गोट्या खेळून राहिले?

कॅज्युअल्टी_भाऊ
आधी एनआयएचएसएस करून घ्या, म्हणजे स्ट्रोक किती मोठा ते मार्क देऊन मोजायची तपासणी. ऑनलाइन आहे, फुकट आहे, व्हिडिओतले पेशंट पाहून मार्क द्यायचे. स्कोअर 0 ते 42, जितका जास्त तितका स्ट्रोक मोठा. सर्टिफिकेटही मिळते.

धंतोलीकर
ते मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्यांसाठी. स्ट्रोक सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. फिजिओ पोचतो तोवर ती वेळ गेलेली असते.

कॅज्युअल्टी_भाऊ
सकाळी स्कोअर 6 होता आणि दुपारी स्कोअर 12 झाला, हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येते? जो पेशंटला उठवून बसवतो त्याच्याच.

धंतोलीकर
बरं, ते मान्य. पण पैसे घालायचे तर बोबाथ करा, फिजिओंच्या उपचार पद्धतीचा कोर्स. मी मुंबईला जाऊन केला. खिसा रिकामा झाला, पण पेशंट हाताळायचा माझा हात बदलला.

पुरावा_दाखवा
आले बोबाथवाले. 1940 च्या दशकात लंडनला सुरू झालेली पद्धत, चांगली असेल. पण इतर पद्धतींहून सरस आहे असं संशोधनाच्या आढाव्यांतून निघालं नाही. जे काम परत करता यायला हवं, तेच भरपूर वेळा करून घ्या. पेला उचलायचा तर पेलाच उचलायला लावा. हाताला सीआयएमटी द्या (चांगला हात बांधून दुसऱ्याकडूनच काम करून घेणं), पण मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता येत असतील तरच. लुळ्या हाताला चांगला हात बांधून ठेवणं म्हणजे छळ.

धंतोलीकर
तुम्ही किती पेशंट उभे केले, तेही सांगा मग.

संत्राबर्फी
माफ करा, मधेच विचारते. आमच्या मामांना लकवा मारला होता, गावाकडे कबुतराचं रक्त चोळलं. त्याचा उपयोग होतो का?

कॅज्युअल्टी_भाऊ
होतो. चोळण्यात साडेचार तास छान जातात. तोंड वाकडं, हात खाली पडून राहिला, बोलणं अडखळलं की सरळ सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा, ताई. कबुतराला सोडा.

रात्रपाळी
धागाकर्ते, अजून एक. मॅनेजमेंटला नेमकं काय पाहिजे? भिंतीवर लावायला कागद, की काही सुरू करून राहिले?

मिहानरोड
स्ट्रोकचे वेगळे बेड सुरू होऊन राहिले. मी शिकून यायचं आणि मग सिस्टर, वॉर्डबॉय, आयाबाई सगळ्यांना शिकवायचं. हे लिहायला पाहिजे होतं का?

ओटीवाली
पहिल्याच ओळीत! मग बोबाथ काय कामाचा? वॉर्डबॉय लुळ्या बाजूचा हात धरून पेशंटला वर ओढतो, तो खांदा पुढे दुखत राहतो. आधी ते थांबवा. कूस बदलणं, खांद्याखाली उशी, पलंगावरून खुर्चीत आणणं. हे वॉर्डातच, पेशंटजवळ उभं राहून शिकवायचं असते.

रात्रपाळी
आणि गिळणं. सिस्टर म्हणून सांगते, हेच सगळ्यांत आधी शिकवा. गिळणं तपासल्याशिवाय पाणी नाही, गोळी नाही. पूर्ण जागा आहे ना पहा, ताठ बसवा, आधी चमचाभर पाणी. ठसका लागला किंवा आवाज घशात पाणी असल्यासारखा ओला झाला की थांबा, स्पीचवाल्यांना बोलवा. इथं नातेवाईक डोळा चुकवून चहा पाजतात, तो फुफ्फुसात जातो आणि दोन दिवसांनी निमोनिया!

धंतोलीकर
आणि पहिल्याच दिवशी उठवा. जितकं लवकर तितकं बरं.

पुरावा_दाखवा
नाही. 2015 ची अव्हर्ट चाचणी पहा, दोन हजारांवर पेशंट होते. 24 तासांच्या आत वारंवार, जास्त प्रमाणात उठवलेल्यांची गत नेहमीच्या काळजीपेक्षा मागे राहिली. उठवू नका असं नाही, थोडं थोडं उठवा.

पोहेतर्री
नातेवाइकांनाच ट्रेनिंग द्या की. डिस्चार्जनंतर सगळं घरच्यांच्याच गळ्यात पडते.

पुरावा_दाखवा
भारतातच करून पाहिलं ते. अटेंड चाचणी, 14 हॉस्पिटलं, निकाल 2017 ला आला. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबित्व यांत फरक नाही.

ओटीवाली
म्हणून घरच्यांना उशी कुठे ठेवायची तेही सांगू नये का? चाचणी घरच्यांनी रिहॅब चालवण्याची होती, उशीची नव्हती.

मिहानरोड
थांबा थांबा. म्हणजे एनआयएचएसएस ऑनलाइन करून कागद देतो मॅनेजमेंटला आणि वॉर्डात गिळणं-खांद्यापासून सुरू करतो. आमच्याकडे स्पीचवाले नाहीत, तर ठसका लागला की बोलवू कोणाला?

रात्रपाळी
मग स्पीचचा माणूस आधी मागा, आठवड्यातून दोन दिवस का होईना. तोवर ठसका लागला की तोंडावाटे सगळं बंद आणि डॉक्टरांना फोन. नाकातून जेवणाची नळी घालायची की नाही ते ठरवतील.

संत्राबर्फी
आणि मालिश? कोमट तिळाच्या तेलाची चालेल का?